एक्केचाळीस गोवऱ्या

व्हिटबी, ८ सप्टेंबर २००८

चि. यामिनी हिस अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र का लिहितेय ते तुला माहीत आहे. मी वर फोन उचलला की तुझे काका बेसमेंटमधला दुसरा फोन उचलतात आणि आपण तिथे नाहीच अशा थाटात श्वास रोखून ऐकतात. मध्येच खोकतात. या वेळी विषयच त्यांचा आहे, म्हणून तिकीट लावलं.

काकांना ऑक्टोबरात साठ पूर्ण होतायत. शोभाताईने, म्हणजे तुझ्या आईने, नागपूरहून हुकूम सोडलाय की साठीशांत झालीच पाहिजे. साठाव्या वर्षी म्हणे यम एकदा दारावरून चक्कर मारून जातो. शांत केली असेल तर आत येत नाही. काकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यापासून त्यांनी विरोध मागे घेतलाय. रविवार, १२ ऑक्टोबर ठरला. गुरुजी मिसिसागाचे जयदीप गुरुजी. सोमवार ते शुक्रवार एका बँकेत डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसतात. होम आमच्या गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवून.

त्यांनी यादी ईमेलने पाठवली, एक्सेलमध्ये. समिधांपासून सुपारीपर्यंत सगळं जमलं, एक सोडून. गोवऱ्या. इंडियन ग्रोसरीवाला मे महिन्यापासून "आंटी, अगली शिपमेंट में" म्हणतोय. या देशात गाई ढीगभर, पण शेण थापणारा एक नाही. तू त्या युनिव्हर्सिटीत आफ्रिकेतल्या जनावरांचं काहीतरी करतेस ना? मग तुझ्या ओळखी असतील. वीस-पंचवीस सुक्या गोवऱ्यांचं बघ. यामिनी आणेल असं मी शोभाताईला सांगून बसलेय.

तुझी,
पद्मामावशी


हॅमिल्टन, १७ सप्टेंबर २००८

ती. पद्मामावशी, सा. नमस्कार.

घाईत लिहितेय. मंगळवारी युगांडाला निघतेय, ऑक्टोबरच्या शेवटी परत येईन. काकांच्या साठीला मी नसणार. आई फोनवर यावरून जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

एक काम होतं. आमच्या स्टोअररूममधला पाइप फुटला आणि घोटाभर पाणी साचलं. माझी दोन मोठी खोकी वाचली, पण ती ठेवायला कोरडी जागा उरली नाही. परवा दुपारी तुम्ही दोघं कामावर असाल तेव्हा येऊन तुमच्या बेसमेंटमध्ये ठेवून जाते. किल्ली माझ्याकडे आहेच. आत काय आहे ते विचारू नकोस, आणि कुणाला सांगूही नकोस, कारण नियमाप्रमाणे ती बाहेर न्यायची नसतात. माझ्या सरांनासुद्धा माहीत नाही. फक्त कोरडी राहू देत.

तू लिहिलेलं विसरले नाहीये. भेटल्यावर बोलू.

तुझी,
यामिनी


युगांडा, ३० सप्टेंबर २००८

ती. मावशी, सा. नमस्कार.

आता आपल्यात एक महासागर आणि एक खंड आहे, म्हणून खरं सांगते. तुझ्या बेसमेंटमध्ये शेण आहे. आफ्रिकन रानरेड्यांचं, वाळवलेलं, नंबर टाकलेल्या कागदी पिशव्यांत. आधी सांगितलं असतं तर तू खोकी दाराबाहेर ठेवली असतीस. गोवऱ्यांचं मात्र मला जमलं नाही गं, माफ कर. युनिव्हर्सिटीत विचारलं तर लोक माझ्याकडे काळजीने बघायला लागले.

हसू नकोस, माझी पीएचडी त्या शेणात आहे. रेडा शेण टाकतो तेव्हा त्याच्या आतड्याच्या पेशी त्याला चिकटून येतात. त्यावरून तो कोण, नर की मादी, कुणाचा कोण लागतो, सगळं कळतं. आत सापडणाऱ्या बियांवरून तो कुठे चरला तेही कळतं. रेड्याला हात लावावा लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण ज्यांनी लावला ते सांगायला उरलेले नाहीत.

इथे दोन जंगलं आहेत, पूर्वेचं आणि पश्चिमेचं. मध्ये एक चिंचोळा पट्टा. त्या पट्ट्यात ऊस लावायचा घाट चाललाय. दोन्हीकडचे रेडे एकाच गोतावळ्यातले निघाले, तर ते पट्ट्यातून ये-जा करतात हे सिद्ध होईल आणि पट्टा वाचेल. नाहीतर दोन्ही कळप आपापल्या जंगलात कोंडले जातील. मग घरातल्या घरात सोयरिकी, मग रोगट पोरं, मग काही नाही. निर्णयाची बैठक पुढच्या वर्षी आहे.

पश्चिमेचं शेण मी गोळा केलं. तिथे जीप जाते. पूर्वेचे एक्केचाळीस नमुने तुमुसिमे नावाच्या माणसाने दोन वर्षं पायी हिंडून आणले. पन्नाशीचा आहे, काटक. आधी गावच्या शाळेत मास्तर होता, आता आमच्या प्रकल्पाच्या इथल्या कचेरीत कामाला आहे. प्रत्येक पिशवीवर तारीख, जागा, झाडाची खूण, आणि अक्षर असं की माझ्या शाळेतल्या बाईंनी फळ्यावर लावलं असतं. काल त्याच्या घरी जेवले. उकडलेली केळी आणि दाण्याची आमटी. त्याच्या बायकोने विचारलं, तुमच्या देशात शेण नसतं का. मी म्हटलं, कुठल्या देशाबद्दल विचारताय त्यावर आहे.

मावशी, पूर्वेचं खोकं जिवापाड जप. दुसरं मिळणार नाही.

तुझी,
यामिनी


व्हिटबी, १६ ऑक्टोबर २००८

चि. यामिनीस अनेक आशीर्वाद.

तू परतशील तेव्हा हे पत्र तुझी वाट बघत असेल. साठीशांत थाटात झाली. साठ माणसं, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. गोवऱ्यांची सोय झाली, त्याची तू काळजी करू नकोस. होम असा पेटला की जयदीप गुरुजी म्हणाले, कॅनडात आल्यापासून असा धूर पाहिला नाही. समोरच्या बाईंनीही पाहिला नव्हता. त्यांनी ९११ला फोन केला. काका उघड्या अंगाने पाटावर बसलेले, अंगावर उपरणं, कपाळभर कुंकू, आणि ड्राइव्हवेवर बंबाची गाडी. फायरमनने विचारलं, "सर, आर यू ओके?" काका म्हणाले, "आय ॲम सिक्स्टी." त्याने हॅपी बर्थडे म्हटलं, एक जिलबी खाल्ली आणि गेला.

तुझं युगांडाचं पत्र होमानंतर दोन दिवसांनी आलं. वाचलं. परत वाचलं. मग काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बेसमेंटच्या पायरीवर बसले ते अर्धा तास उठले नाहीत. तुझ्या अभ्यासाचं फार कौतुक वाटलं आम्हाला.

खोकी आहेत. दोन्ही आहेत. पण इतक्यात न्यायला येऊ नकोस. बेसमेंटला रंग काढलाय आणि गॅरेजमध्ये जरा वाळवणाचं काम चाललंय. पंधरा नोव्हेंबरनंतर ये, आणि येण्याआधी कळव.

सहज एक विचारते, आपलं जनरल नॉलेज म्हणून. रानरेडा आणि साधी गाय यांच्या शेणात तुमच्या मशीनला फरक दिसतो का? की शेण ते शेण?

तुझी,
पद्मामावशी


हॅमिल्टन, २७ नोव्हेंबर २००८

ती. मावशी, सा. नमस्कार.

खोकी लॅबमध्ये सुखरूप पोचली, आणि ती बाहेर गेली होती हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तुझे उपकार कसे फेडू? काकांना मात्र काय झालंय? मी खोकी उचलल्यापासून ते माझ्याशी हवामानाबद्दलच बोलत होते. विंटर टायर्स कधी लावणार हे त्यांनी तीनदा विचारलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: फरक दिसतो. माणूस आणि चिंपांझी यांच्यात दिसावा तितका. शेणाबद्दल तुला गोडी वाटायला लागली हे बघून ऊर भरून आला.

पण एक विचित्र गोष्ट झालीय. आम्ही आधी बिया बघतो, डीएनए मग. पश्चिमेच्या शेणात जंगली गवतं, रानफळं, जे असायला हवं ते सगळं. पूर्वेच्या शेणात मका. मका आणि लसूणघास. त्या जंगलात लसूणघास कुठून येणार? शिवाय सगळे नमुने एका मापाचे, गोल आणि चपटे. काहींवर चार बोटांचे ठसेसुद्धा आहेत. पॅकिंगसाठी तुमुसिमेने दाबून सारखे केले असतील असं मी सरांना सांगितलं. सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. सर वही काढतात तेव्हा मला भीती वाटते.

तुझी,
यामिनी


व्हिटबी, ८ डिसेंबर २००८

चि. यामिनीस अनेक आशीर्वाद.

इथे दोन फूट बर्फ पडलाय. काका शोव्हल करतात आणि मी खिडकीतून त्यांच्या छातीकडे बघत बसते.

तुझं पत्र वाचून वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं फार लवकर संशय घेता. जनावरच ते. रोज तेच गवत खाऊन कंटाळलं असेल, गेलं असेल कुणाच्या शेतात. आणि बोटांचे ठसे म्हणशील तर कुणी प्रेमाने थापलं असेल. त्यात वाईट काय?

डीएनएची एवढी घाई कशाला करता? मशीन महागडं आहे म्हणतेस. उन्हाळ्यात करा की. बिचाऱ्या तुमुसिमेच्या मागे लागू नका.

तुझी,
पद्मामावशी


हॅमिल्टन, २ फेब्रुवारी २००९

ती. मावशी, सा. नमस्कार.

तू भोळी आहेस, म्हणून तुला हे सांगताना वाईट वाटतं. पूर्वेच्या जंगलात रेडा नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नमुने गाईचे निघाले. तेही तिथल्या लांब शिंगांच्या गाईचे नाहीत, दुधाळ युरोपियन जातीचे. सर म्हणाले, तिकडे कुठल्यातरी मदत संस्थेने अशा गाई वाटल्या असणार. हा गृहस्थ गोठ्यात बसून पिशव्या भरत होता आणि वर जंगलातल्या झाडांच्या खुणा लिहीत होता.

सरांनी त्याच दिवशी तिथल्या कचेरीला कळवलं. त्याचं काम गेलं. पूर्वेचा सगळा डेटा बाद. बैठकीत आता दाखवायला काही नाही, म्हणजे पट्ट्यात ऊस लागणार, आणि माझी चार वर्षं त्या उसाला खत म्हणून पडणार. मला रडूही येत नाहीये, नुसता संताप येतोय. मी त्याच्या घरी जेवले होते. त्याच्या अक्षराचं कौतुक केलं होतं. माणूस ओळखण्यात मी इतकी गाढव कशी?

तो म्हणे कचेरीत जाऊन सांगत होता की मी चाललो, प्रत्येक पिशवी जंगलातली आहे. त्याच्या गावात मुलं त्याला बघून हंबरतात असं तिथल्या क्लार्कने लिहिलंय. मला जरासुद्धा दया आली नाही.

यामिनी


व्हिटबी, ५ फेब्रुवारी २००९

चि. यामिनी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. बसून वाच.

ती बोटं माझी आहेत.

सप्टेंबरात मी तुला गोवऱ्या मागितल्या. तू लिहिलंस, खोकी ठेवते, आत काय आहे विचारू नकोस, कुणाला सांगू नकोस, आणि तू लिहिलेलं विसरले नाहीये. मला वाटलं, पोरीने कस्टमच्या नाकाखालून गोवऱ्या आणल्या आणि आता मावशीला सरप्राइज देतेय. होमाच्या आदल्या दिवशी एक खोकं उघडलं. आत काय सुरेख गोवऱ्या होत्या. डोळे भरून आले माझे. वरचं इंग्रजी न वाचताच पिशव्या तेवढ्या काढून, घड्या घालून ठेवल्या, कारण चांगल्या कागदाच्या पिशव्या मी टाकत नाही, हे तुला माहीत आहे.

तीस होमात गेल्या. उरलेल्या गोवऱ्या आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी मागून नेल्या. इथे गोवरी म्हणजे सोनं, मी नाही कशी म्हणणार? खोकं रिकामं झालं. आणि दोन दिवसांनी तुझं पत्र आलं.

पहिला विचार तुझा आला नाही, खरं सांगते. पहिला विचार असा आला की यमाला दारातून परत पाठवायला होम केला आणि त्यात यमाच्या वाहनाचं शेण जाळलं. काका म्हणाले, म्हणजे आपण त्याला पेट्रोल भरून दिलं. त्यानंतर तुझा विचार आला, आणि मी घाबरले. शोभाताईला काय तोंड दाखवू? पोरीच्या आयुष्याची होळी केली मी.

मग करायला गेले एक. व्हिटबीच्या उत्तरेला एक डेअरी फार्म आहे. काकांनी गाडी काढली. फार्मर म्हणाला, "गार्डन?" मी म्हटलं, "येस, गार्डन." ऑक्टोबर अर्धा उलटलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं, पण चार बादल्या भरून दिल्या. नागपूरला लहानपणी थापल्या होत्या, हात विसरत नाही. गॅरेजमध्ये पंखा आणि हीटर लावून तीन आठवडे वाळवल्या. तुझ्याच पिशव्यांत भरल्या. एकेक पिशवी भरताना त्या माणसाचं अक्षर बघत होते. तेव्हाही माझ्या मनात आलं नाही की याच्या नावाने मी खोटं पाठवतेय. तुझ्या मशीनला वाटेल शेण ते शेण, असंच धरून चालले. तू चिंपांझीचं लिहिलंस त्या दिवसापासून झोप नाही.

तरी बोलले नाही. तुझं परवाचं पत्र आलं आणि मुलं हंबरतात ते वाचलं. मी कामावर, औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर उभी होते, बाथरूममध्ये जाऊन रडले. तुमुसिमेने काहीही केलेलं नाही. तो चालला, यामिनी. त्याचं शेण खरं होतं. आजच्या आज तुझ्या सरांना सांग.

पद्मामावशी

ता. क. पुष्करला फोन करून सांगितलं. व्हँकुव्हरहून तो एवढंच म्हणाला, "आई, यू बर्न्ट व्हॉट?" आणि नंतर किती वेळ हसत होता. पोटच्या पोराला अक्कल नाही.


हॅमिल्टन, ११ फेब्रुवारी २००९

मावशी,

दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्र लिहिलं असतं तर पोस्टाने घेतलं नसतं. काकांचं पेट्रोलचं वाक्य आठवून मध्येच हसू आलं आणि आणखी चिडले.

पण आता शांतपणे ऐक. मी सरांना सांगितलेलं नाही. परदेशातलं शेण युनिव्हर्सिटीबाहेर ठेवलं, तेही घरात, हे नियमात बसत नाही. त्याला परवाना लागतो, त्यावर माझी सही आहे. कळलं तर मला लॅबमधून काढतील, कदाचित देशातूनही. जूनपर्यंत थांबू. पश्चिमेच्या नमुन्यांवर मी छोटा प्रबंध करून पदवी घेते. मग सरांना काहीतरी सांगू, की पिशव्यांची अदलाबदल झाली वगैरे. तुमुसिमेला तेव्हा कामावर घेतील. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे.

हे पत्र फाडून टाक.

यामिनी


व्हिटबी, १६ फेब्रुवारी २००९

चि. यामिनी,

फाडलं नाही.

मी झाकायला गेले त्याचं काय झालं ते तुला दिसतंय, आणि तू माझ्याच वळणावर जातेस. चार महिने तुझे. त्याचे किती, ते हंबरणाऱ्या मुलांना विचार. तू त्याच्या घरी जेवलीस. मी तर त्याला पाहिलंही नाही, तरी मला घास जात नाही.

मी मंडळाच्या बायकांकडे जाऊन आले. एजॅक्स, मार्कम, ब्रॅम्प्टन. काका गाडी चालवत होते आणि दर सिग्नलला मला माझी चूक समजावून सांगत होते. अकरा गेल्या होत्या, सात परत मिळाल्या. एक देवघरात हळदकुंकू वाहिलेली होती. सगळ्यांना खरं कारण सांगितलं. गोवरी रेड्याची होती हे ऐकल्यावर त्या बाईंनी देवघर धुवायला काढलं. आता मंडळात माझी काय शोभा झाली असेल ती झाली.

त्या सात तुझ्या मशीनला दाखव. शनिवारी सकाळी मी त्या घेऊन हॅमिल्टनला येतेय. तू सरांना सांगितलं असशील तर आपण दोघी एकत्र जाऊ. नसशील तर मी एकटी जाईन. दार कुठलं ते मी विचारून घेतलंय.

तुझी मावशीच,
पद्मजा


हॅमिल्टन, १४ एप्रिल २००९

ती. मावशी, सा. नमस्कार.

तू आलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी सरांना सांगितलं होतं. तुला दारात म्हटलं तेव्हा तुझा विश्वास बसला नाही, म्हणून लेखी देते. पण तू येणार नसतीस तर सांगितलं असतं का, ते मला ठाऊक नाही. हेही लेखी देते.

रिझल्ट आले. सातही रानरेडे. पाच निराळे, आणि दोन नमुने एकाच मादीचे. मावशी, तीच मादी पश्चिमेच्या खोक्यातही आहे. म्हणजे ती पट्टा ओलांडून आली होती. ज्या गोवरीला हळदकुंकू वाहिलं होतं ना, ती तिची. सरांनी तपासणी पुन्हा करून खात्री केली. पण पिशवी नाही, नंबर नाही, कुठे सापडलं त्याची नोंद नाही, म्हणून याला पुरावा म्हणता येत नाही. बैठक वर्षभर पुढे ढकलून मिळाली. तेवढ्यात पूर्वेचे नमुने नव्याने आणले तर पट्टा वाचेल.

माझी शिक्षा: एक वर्ष लॅब बंद, परवाना रद्द, समितीसमोर लेखी माफी. देशातून काढलं नाही. स्वस्तात सुटले.

सरांनी तुमुसिमेला माफीचं पत्र लिहिलं, काम परत देऊ केलं. मीही लिहिलं. काल त्याचं उत्तर आलं. त्याच अक्षरात. तो लिहितो: "तुमची पत्रं मिळाली. मी तुम्हाला माफ केलं आहे. काम मला नको. दोन वर्षं मी तुमच्यासाठी चाललो. शंका आली तेव्हा तुम्ही शेणाला विचारलंत. मला कुणी विचारलं नाही. तुमची पत्रं मी इथे लोकांना दाखवली. ते म्हणतात, मास्तर, तुझं इंग्रजी चांगलं आहे, तूच लिहिली असशील."

दिवसभर मी काही खाल्लं नाही. मला त्याच्याकडे जायचंय. काय बोलायचं ते माहीत नाही.

तुझी,
यामिनी


युगांडा, २१ जून २००९

अहो, सप्रेम नमस्कार.

इथे फोन लागतो, पण तुम्ही चोरून ऐकत असताना दुसऱ्यांशी बोलायची सवय झालीय, सरळ तुमच्याशी नाही. समोरासमोर तुम्हाला सांगायला मला जमणार नाही, म्हणून लिहितेय. औषधं वेळेवर घ्या. फ्रीझरमध्ये डब्यांवर वार लिहिलेत.

निघताना तुम्ही म्हणालात की माफी पत्राने मागून झाली, एवढ्या लांब जाऊन आणखी काय मागणार. मलाही नीट माहीत नव्हतं. गावात नाव गेलं की ते पोस्टाने परत येत नाही, एवढं कळत होतं.

काल सकाळी आम्ही त्याच्या घरी पोचलो. तुमुसिमे अंगणात उभा होता. उंच, अंगात इस्त्रीचा शर्ट. यामिनी मान खाली घालून रडायलाच लागली. त्याने तिला बसायला खुर्ची दिली. मला म्हणाला, "सो यू आर द वुमन." मी म्हटलं, "येस." मी जंगलात यायला तयार आहे, शेण वेचीन, पिशव्या उचलीन, सांगाल ते करीन, असं सगळं पाठ करून आले होते. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, जंगलाचं नंतर बघू. आधी इथे सांगा, यांच्यासमोर.

मी वळून बघते तर कुंपणापाशी माणसं जमलेली. बायका, म्हातारे, आणि ती मुलं. चाळीस-पन्नास तरी असतील. एकाने मला बघून हंबरून दाखवलं, त्याच्या आईने त्याला चापट मारली.

मी उभी राहिले. मंडळात आभार मानायला सांगितलं तरी मी शेजारणीला पुढे करते, तुम्हाला माहीत आहे. मी इंग्रजीत सांगितलं: या माणसाने खरं शेण पाठवलं होतं. मी ते माझ्या नवऱ्याच्या पूजेत जाळलं, आणि भीतीने त्या जागी माझ्या गावातल्या गाईचं शेण ठेवलं. हा खोटारडा नाही, खोटारडी मी आहे. तीन-चार वाक्यं. याहून जास्त सुचलंच नाही.

त्यांच्यातल्या फार थोड्यांना इंग्रजी येतं. भाषांतर करणार कोण? तोच. त्याने घसा साफ केला आणि त्यांच्या भाषेत सुरू झाला. माझी वाक्यं दोन मिनिटांत संपायला हवी होती. तो थांबेना. हाताने दाखवत होता, कुठल्या डोंगराकडून गेला, कुठे वाकला, पिशवीवर कसं लिहिलं. माझ्याकडे बोट दाखवून त्याने गोवरी थापून दाखवली, थप थप, आणि सगळं अंगण हसलं. म्हातारेसुद्धा हसले. मलाही हसू आलं. मग त्याचा आवाज बदलला. कचेरीतलं सांगत असावा, कारण सगळे गप्प झाले. त्याची बायको दारात पदराने, म्हणजे तिच्या त्या कापडाने, डोळे पुसत होती.

मी हळूच यामिनीला विचारलं, एवढं काय बोलतोय तो? ती म्हणाली, मला त्यांची भाषा येत नाही, मावशी.

ऊन डोक्यावर आलं होतं. कुणीतरी माझ्यामागे स्टूल आणून ठेवलं. गुडघे दुखत होते, तरी मी बसले नाही. तो बोलत होता तोवर मी उभीच राहिले.

तुमची,
पद्मजा